पाचिंकोचा शूटर घरी बनवायचाय: खटका, सोलेनॉइड की मोटर?

पाचिंको म्हणजे जपानमधला उभ्या बोर्डाचा खेळ, स्टीलचा छोटा बॉल खालून वर मारायचा आणि तो खिळ्यांना आपटत खाली येताना कुठल्या कप्प्यात पडतो ते बघायचं. तो घरी बनवायला घेतलेला माणूस आधी खिळ्यांच्या मागे लागतो. कुठला खिळा कुठे ठोकायचा, चक्र्या किती लावायच्या, मधल्या कप्प्यात बॉल पडला की कुठला लाइट पेटवायचा, यातच महिना जातो, आणि बॉल मारायचं काय, लावू एखादी स्प्रिंग असं धरून चालतो. माझं मत बरोबर उलटं आहे. खिळे कधीही वाकवता येतात, उपटून परत ठोकता येतात, पण शूटर, म्हणजे बॉल मारणारा भाग, एकदा बोर्डाखाली बसला की बाकीचं सगळं त्याच्या भोवती बसतं, बॉल ज्यावरून वर जातो त्या रेलचं वळण, बॉल सोडायची जागा, ट्रे, वायरिंग, सगळंच. तेव्हा आधी हे ठरवा की बॉल मारणार कोण, तुमचा अंगठा, कॉइल, का मोटर.

मी तिन्ही वापरून झालोय. राहतो नागोयात, आणि नागोया म्हणजे पाचिंकोचं माहेर म्हणायला हरकत नाही, दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्याच मासामुरा ताकेइची नावाच्या माणसाने खिळ्यांची जी मांडणी काढली तिच्या वळणावरच पुढचे सगळे बोर्ड गेले. पाचिंकोच्या पार्लरमध्ये, म्हणजे जिथे पैसे देऊन हा खेळ खेळतात तिथे, जाऊन पैसे घालवायची मला हौस नाही, त्या आवाजानेच डोकं उठतं, पण मशिनचं पोट उघडून बघायची भारी हौस आहे आणि इथे ती भागते, ओसू भागातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सुटे पार्ट मिळतात, जुन्या मशिनचे भाग ऑनलाइन लिलावात येत असतात. पार्लर कसं असतं, चार येनला एक बॉल वगैरे, त्यात इथे शिरत नाही. रोख जिंकण्या-हरण्याचा विषयही इथे नाही, हा फक्त घरच्या बोर्डाचा विचार आहे.

आकडे थोडेच देतो पण ते डोक्यात ठेवा कारण पुढचा सगळा निकाल त्यांच्यावर लागतो. बॉल ११ मिमीचा, स्टीलचा, साडेपाच ग्रॅमच्या आसपास. शूटरपासून बोर्डाच्या माथ्यापर्यंत चढ समजा ६० सेंमी. एवढं चढायला बॉलला सेकंदाला साडेतीन मीटर वेग लागतो, रेलमध्ये जे जातं ते धरलं तर चारच्या जवळपास. म्हणजे जोर फार लागतच नाही, बॉलपेनातली सोडून जवळजवळ कुठलीही स्प्रिंग तेवढं काम करते. अडतं ते सारखेपणावर. बॉल किती वर जाणार हे वेगाच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे वेगात एक टक्का इकडेतिकडे झाला की उंचीत दोन टक्के, ६० सेंमीमागे १२ मिमी, म्हणजे अख्ख्या एका बॉलपेक्षा जास्त फरक. आणि वर डावीकडे खिळ्यांच्या ज्या फटीत बॉल सोडायचा असतो, इथले खेळणारे त्या जागेला बुक्कोमी म्हणतात, ती फट बॉलपेक्षा थोडीशीच मोठी. एक टक्का चुकला की बॉल शेजारच्या गल्लीत. त्यामुळे कोणी म्हणालं की माझा शूटर एकदम पॉवरफुल आहे तर मी मान डोलावतो आणि विचारतो, लागोपाठ वीस बॉल एकाच जागी जातात का?

आता खटका. हातोडीच्या एका टोकाला अंगठ्याने दाबायची लिव्हर, मधे पिव्होट, मागे स्प्रिंग, दाबलं की हातोडी मागे, सोडलं की टक्. त्याच लिव्हरला एक पट्टी जोडलेली असते, ती हातोडी मागे जाताना पुढचा एकच बॉल खाली सोडते. जुन्या काळी तर तेही नव्हतं, डाव्या हाताने एकेक बॉल भोकात टाकायचा आणि उजव्या अंगठ्याने मारायचा. मग बॉल आपोआप धडाधड पुरवणारी मशिनं आली, लोक वेड्यासारखे खेळायला लागले, आणि १९५५ च्या सुमारास सरकारने त्यांच्यावर बंदी घातली तशी कित्येक पार्लर बसली. पुढे १९७० च्या दशकात इलेक्ट्रिक हँडल आलं, त्याला मिनिटाला १०० बॉलची मर्यादा, ती आजही आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे मजेशीर कामाला येणार आहे.

खटक्याच्या बाजूने बोलायचं तर खूप आहे. वीज नको, कोड नको, एका दुपारीत होतो, लहान मुलांना तर हाच आवडतो कारण आपण मारल्यासारखं वाटतं. पिव्होटला साधा बोल्ट न लावता ६०८ नंबरची बेअरिंग लावा, स्केटबोर्डच्या चाकात असते तीच, म्हणजे हातोडी डावी-उजवी हलत नाही. हातोडी डगडगली की बॉलच्या मधोमध न बसता कडेला बसते आणि मग तो रेलच्या भिंतींना आपटत जातो, तिथेच निम्मा वेग गेला. हातोडीच्या टोकाला मी आधी रबर लावलं होतं, ते चालतं, पण थंडीत कडक होतं, नायलॉनचा तुकडा मला जास्त पटला. स्प्रिंगचं मागचं टोक स्क्रूवर अडकवा म्हणजे ताण कमीजास्त करता येतो, आणि दर वेळी खटका पूर्ण खाली दाबून खेळा, अर्धवट दाबून जोर ठरवायला गेलात तर ताणाच्या वर्गाने जोर बदलतो, ते अंगठ्याच्या हाताबाहेरचं आहे.

अडचण अंगठ्याचीच. लिव्हर कशी सुटते यावर सगळं आहे. अंगठा बाजूला सरकवून झटकन सोडली तर पूर्ण जोर, आणि अंगठा लिव्हरबरोबर वर आला तर तो स्प्रिंगचा थोडा जोर खातो. कॅरम खेळणाऱ्याला हे सांगायला नको, तोच स्ट्रायकर, तेच बोट, आणि तरी एक दिवस हात लागतो, एक दिवस लागत नाही. ज्यांना हेच खेळाचं मर्म वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही, खरं तर हाताने मारायच्या मशिनवर ज्यांनी उमेदीची वर्षं काढली त्या इथल्या म्हाताऱ्यांचा हात बघण्यासारखा असतो. पण मला खिळ्यांची मांडणी तपासायची असते. चक्री दोन मिमी खाली घेतली तर मधल्या कप्प्यात बॉल जास्त पडतात का, हे बघायला बॉलचा पाऊस एकाच जागी पडायला हवा आणि तो बराच वेळ पडत राहायला हवा. अंगठ्याने ते होत नाही, आणि अर्ध्या तासात अंगठ्याचं बूड दुखायला लागतं ते वेगळंच.

म्हणून बहुतेक लोक सोलेनॉइडकडे, म्हणजे करंट दिला की आतला दांडा सरकवणाऱ्या कॉइलकडे, जातात, आणि कागदावर तोच सगळ्यात शहाणा पर्याय दिसतो हे मान्य केलं पाहिजे. कॉइलला झटका दिला की दांडा बाहेर, बॉल उडाला. हलणारा भाग एकच. जोर बदलायचा तर नॉब फिरवून झटक्याची लांबी कमीजास्त करायची, कोड चालवायला एक छोटा मायक्रोकंट्रोलर, करंट चालू-बंद करायला एक मॉसफेट, कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट), बास. वर पाहिजे ते करा, हँडलला धातूची रिंग लावून टच सेन्सर करा म्हणजे हात लावल्याशिवाय बॉल सुटणार नाही, खऱ्या मशिनला असतो तसा, थांबायचं बटण लावा, बॉल मोजा, काहीही. आजची खरी मशिनं हेच करतात, फक्त त्यांच्यात सरळ दांड्याऐवजी फिरणारा सोलेनॉइड असतो जो हातोडीला झटका देतो. इथे राहणाऱ्याला ते अख्खं युनिट सेकंडहँड मिळू शकतं आणि ते मिळालं तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, कारखान्यात त्याच्यामागे नीट कंट्रोल सर्किट बसवून हा विषय मिटवलेला असतो.

प्रश्न येतो तो आपण बाजारातून साधा सरळ दांड्याचा सोलेनॉइड आणतो तेव्हा. १२ व्होल्टचा घ्यायचा, तो हळू मारतो म्हणून २४ व्होल्टवर चालवायचा, झटका २५-३० मिलिसेकंदांचाच असतो त्यामुळे जळत नाही, सगळे असंच करतात, मीही केलं. सुरुवातीला इतकं सुंदर चालतं की विचारू नका. नॉब लावला, बॉल बुक्कोमीत, दुसरा बुक्कोमीत, तिसरा बुक्कोमीत. चहा घेऊन या. परत येऊन बघा तर बॉल जरा अलीकडे पडायला लागलेत. नॉब थोडा वाढवला, परत ठीक. दहा मिनिटांनी परत अलीकडे. अर्ध्या तासाने काही बॉल वर पोचतच नाहीत, रेलमधून मागे घरंगळत येतात.

झालेलं असतं एवढंच की कॉइल तापलेली असते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशामागे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, ऐकायला काहीच नाही, पण लाकडी पेटीत कोंडलेली कॉइल २५ अंशांनी तापली की रेझिस्टन्स जवळपास दहा टक्के चढतो, व्होल्टेज तेच असल्यामुळे करंट नऊ टक्के पडतो, आणि सोलेनॉइडची ओढ साधारण करंटच्या वर्गावर असते म्हणजे ती सोळा-सतरा टक्क्यांनी उतरते. ६० सेंमीवर तेवढे टक्के लावून बघा, दहा सेंमी होतात. वर सांगितलं होतं की १२ मिमीत बॉलची गल्ली बदलते, इथे तर गावच बदललं. आणि गंमत म्हणजे नॉब वाढवला की झटका लांबतो, लांब झटक्याने कॉइल अजून तापते, अजून तापली की परत नॉब. थांबून दहा मिनिटं काहीतरी खाल्लं की कॉइल गार होते आणि पुढचा पहिला बॉल धाडकन माथ्यावरच्या रबरावर.

यावर उपाय नाहीत असं नाही. व्होल्टेजऐवजी करंट कायम ठेवणारा ड्रायव्हर लावा, किंवा कॉइलला तापमानाचा सेन्सर चिकटवून कोडमध्ये झटक्याची लांबी आपोआप बदला, किंवा दुप्पट मोठा सोलेनॉइड घ्या जो गरमच होत नाही, किंवा पंखा. करंटवाला उपाय मी लावून पाहिलाय, बराच फरक पडतो. पण सरळ दांड्याच्या सोलेनॉइडची अजून एक खोड आहे, दांडा कॉइलच्या किती आत आहे यावर त्याची ओढ फार बदलते, त्यामुळे परत नेणारी स्प्रिंग जराशी ढिली पडली, स्क्रू अर्धा आटा सुटला, की सुरुवातीची जागा सरकते आणि पुन्हा नवा हिशोब. पॉवर सप्लाय हलका असेल तर झटक्याला व्होल्टेज बसतं, म्हणून जवळ मोठा कपॅसिटर. एकेक गोष्ट छोटीच आहे, इंजिनिअर माणसाला तर यातच मजा येईल, पण बोर्ड बाजूला राहतो आणि आपण महिनाभर शूटरच दुरुस्त करत बसतो. मला बॉल मारायचा होता, कॉइलचं तापमान सांभाळायची नोकरी नको होती.

तर मोटर आणि कॅम. ही पद्धत जुनी, इलेक्ट्रिक हँडलच्या सुरुवातीच्या काळातली, आणि आताचे लोक तिच्याकडे जुनाट म्हणून बघतात. रचना अशी की खटक्यात जी हातोडी आणि स्प्रिंग होती तीच घ्यायची, फक्त अंगठ्याच्या जागी एक कॅम. कॅम म्हणजे एक चकती जिची त्रिज्या एका फेरीत हळूहळू वाढत जाते आणि शेवटी एकदम कड्यासारखी तुटते. हातोडीच्या मागच्या टोकाला छोटी बेअरिंग लावलेली, ती या चकतीच्या कडेवरून चालते. चकती फिरते तशी हातोडी मागे मागे जाते, कडा आला की बेअरिंग खाली पडते, स्प्रिंग हातोडी ओढते, टक्. हातोडी बॉलला लागली की लगेच रबरी स्टॉपवर थांबते. परत तेच.

आता यातलं मला आवडलेलं सांगतो. जोर स्प्रिंग देते आणि मोटर फक्त ती ताणते. मोटर गरम झाली, व्होल्टेज पडलं, बॅटरी उतरली, तरी कॅमचा कडा तेवढाच उंच आहे, हातोडी तेवढीच मागे जाणार आणि तेवढ्याच जोराने येणार. फरक पडला तर मिनिटाला १०० ऐवजी ९२ बॉल सुटतील, पण सुटलेला प्रत्येक बॉल त्याच जागी जाईल. सोलेनॉइडमध्ये कधी मारायचं आणि किती जोरात मारायचं ही दोन्ही कामं एकाच कॉइलच्या गळ्यात आहेत, इथे ती दोघांत वाटलेली आहेत. अर्धा तास चालवा, जेवून या, परत चालवा, नॉबला हात लावायची गरज मला तरी पडलेली नाही. मी काही कॅमेरा लावून मोजणी केलेली नाही, बोर्डावर पट्टी चिकटवून डोळ्यांनी बघतो एवढंच, पण फरक डोळ्यांना दिसण्याएवढा आहे.

दुसरं जरा बारीक आहे. जोर बदलायला आपण कॅम बदलत नाही, स्प्रिंगचं दुसरं टोक पुढेमागे करतो, नॉबला एक लांब स्क्रू लावून. कॅम जेवढं ताणतो ते अंतर कायम, आपण बदलतो तो फक्त आधीचा ताण. हिशोब करून बघा, अशा वेळी सुटणारी ऊर्जा आधीच्या ताणाच्या सरळ प्रमाणात वाढते, वर्गात नाही. म्हणजे नॉब पाव फेरी फिरवला की बॉल दोन बोटं वर, अजून पाव फेरी, अजून दोन बोटं. सगळीकडे सारखं. सोलेनॉइडच्या नॉबला हे सुख नाही, खाली फिरवलं तर काहीच होत नाही आणि वरच्या टोकाला केसभर हललं की बॉल कुठच्या कुठे, ते मग कोडमध्ये तक्ता करून सरळ करावं लागतं. आणि नॉब जिथे सोडला तिथेच राहतो हे विसरू नका. पार्लरमध्ये हँडल सतत धरून ठेवावं लागतं म्हणून लोक त्यात नाणं खुपसून ते अडकवतात आणि तसं करू नका अशा पाट्या लावलेल्या असतात. घरी हा प्रश्नच नाही.

बॉल पुरवण्याचंही इथे सोपं पडतं. मिनिटाला १०० म्हणजे एका बॉलला ०.६ सेकंद. तेवढ्यात फीडरमधून बॉल खाली येतो, हातोडीसमोरच्या बैठकीवर टपकन पडतो, दोनदा थरथरतो, मग शांत होतो. हे जवळून बघितलंत तर कळेल की सगळा खेळ त्या थरथरण्यात आहे, बॉल हलत असतानाच हातोडी आली तर कितीही चांगला शूटर असू दे, तो बॉल वाया. कॅममध्ये त्याच शाफ्टवर दुसरी छोटी चकती बसवायची जी हातोडी मागे जायला लागल्या लागल्या बॉल सोडते, म्हणजे बॉलला शांत व्हायला जवळजवळ पूर्ण फेरी मिळते, आणि हे नातं कधी बिघडत नाही कारण दोन्ही एकाच लोखंडी दांड्यावर आहेत. सोलेनॉइडला फीडरसाठी वेगळा छोटा सोलेनॉइड आणि वेळेचा हिशोब लागतो. खटक्यात पट्टी असतेच, पण माणूस घाई करतो आणि बॉल बसायच्या आत मारतो, विशेषतः मुलं.

आणि हो, तो १०० चा आकडा. आपल्याकडे पोरांच्या रोबोटसाठी जी गिअरवाली मोटर सगळीकडे मिळते, १२ व्होल्ट, १०० आरपीएम म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्या, ती घेतली आणि एका कड्याचा कॅम लावला की जपानच्या नियमाएवढा वेग आपोआप मिळतो, कुठे काही ॲडजस्ट करायला नको. पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती काही शे रुपयांत मिळून जाते. ताकदही पुरते, कारण दर बॉलला लागणारी ऊर्जा इतकी कमी आहे की मोटरला सरासरी अर्धा वॅटसुद्धा काम पडत नाही, अडचण येते ती फक्त कड्याच्या अलीकडे, जिथे स्प्रिंग सगळ्यात ताणलेली असते. म्हणून फार हलकी प्लास्टिक गिअरची पिवळी मोटर नको, धातूच्या गिअरची घ्या.

मोटरच्या तक्रारी नाहीत असं मी म्हणणार नाही. आवाज आहे. गिअरची घरघर आणि वर हातोडीची टकटक, दोन्ही. सोलेनॉइडचा नुसता ठोका असतो पण तो जास्त कर्कश असतो, लाकडी पेटीत तर घुमतो, इथल्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये रात्री कुठलाच चालवता येत नाही हे खरं, पेटीखाली फेल्ट लावलं तरी. खटका यात जिंकतो. मग कॅमची झीज. थ्रीडी प्रिंट केलेल्या कॅमचा कडा गोल व्हायला लागतो आणि कडा गोल झाला की हातोडी पडण्याऐवजी उतरते, जोर गेला. लेथवाल्याकडून डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचा कापून घेतलात तर हा प्रश्न मला दिसला नाही, नाहीतर प्रिंटच्या कड्यावर स्टीलची छोटी पट्टी बसवा. मोटर उलटी कधीही फिरवू नका, बेअरिंग कड्याला उलटी भिडते आणि गिअर तुटतो, वायर जोडतानाच एक डायोड टाकून ठेवा. आणि बटण सोडल्यावर मोटर थोडी पुढे जाते, कधी एक जास्तीचा बॉल सुटतो, कधी हातोडी अर्धवट ताणलेली राहते. शाफ्टवर एक मायक्रोस्विच लावून ती ठरावीक जागीच थांबवता येते, पण ते काम वाढलंच. जागाही जास्त लागते, बोर्डाखाली हाताच्या पंजाएवढी पेटी धरून चाला.

म्हणजे ज्याला एका रविवारी मुलांसाठी काहीतरी करून द्यायचंय त्याने खटकाच करावा, जत्रेत मिळायचा तो खिळ्यांचा बगाटेल बोर्ड ज्याने लहानपणी खेळलाय त्याला तर वेगळं काही सांगायला नको. ज्याला कोडिंगची खाज आहे, बॉल मोजून स्क्रीनवर दाखवायचेत, एकाच वेळी दोन शूटर चालवायचेत, त्याने सोलेनॉइड घ्यावा, फक्त पहिल्या दिवसापासून करंट कायम ठेवणारा ड्रायव्हर बजेटमध्ये धरावा, नंतर लावू म्हणू नये. जपानात असाल आणि फिरणाऱ्या सोलेनॉइडचं जुनं युनिट त्याच्या बोर्डासकट स्वस्तात मिळत असेल तर तेही वाईट नाही, फक्त ही मशिनं २४ व्होल्ट एसीवर चालतात, ट्रान्सफॉर्मर बरोबर येतोय का ते विचारून घ्या. आणि ज्याला खिळे ठोकत बसायला आवडतं, मांडणी बदलून बघायला आवडतं, बॉल एकसारखे पडत राहावेत आणि आपण बाजूला बसून बघावं असं ज्याला वाटतं, त्याला माझ्या मते मोटरशिवाय दुसरं काही फार दिवस पटणार नाही. अर्थात तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, थंड जागेत, उघड्या पेटीत, मोठ्या कॉइलवर सोलेनॉइडही गुणी वागत असेल.

काहीही घेतलंत तरी एक जागा सोडा. शूटरचा सरळ रेल जिथे संपतो आणि बोर्डाचा गोल रेल सुरू होतो, तिथे खऱ्या मशिनमध्ये मुद्दाम फट असते. जोरात मारलेला बॉल ती उडी मारून पार करतो, कमी जोराचा बॉल मागे घरंगळत आला की त्या फटीतून खाली पडून ट्रेमध्ये परत येतो. ही फट नसेल तर मागे आलेला बॉल थेट बैठकीवरच्या बॉलला भिडतो आणि मग हातोडी दोन बॉल मारते, दोन्ही अर्धे जातात, दोन्ही परत येतात, मिनिटाभरात रेल तुंबतो. गोल रेलच्या वरच्या तोंडाशी पातळ स्प्रिंग स्टीलची एक पट्टीही लावा, बॉल बाहेर जाताना ती दबते आणि आत येऊ देत नाही.

बॉलचं म्हणाल तर भारतात ११ मिमी शोधत वणवण करू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे ७/१६ इंची छर्रे मिळतात, ते ११.११ मिमी भरतात, रेल आणि फीडर त्या मापाने केला की काही अडत नाही. जपानहून कोणी खरे पाचिंकोचे बॉल आणून दिले तर ते वेगळ्या डब्यात ठेवा, दोन्ही मिसळले की ११ मिमीला घासून केलेल्या फीडरमध्ये मोठा छर्रा अडकतो आणि कॅम नुसताच हवेत हातोडी मारत बसतो. चुंबकाने बॉल वर उचलायची आयडिया डोक्यात असेल तर ती सोडून द्या, बेअरिंगचं स्टील चुंबकत्व धरून ठेवतं, नंतर बॉल एकमेकांना चिकटून जोडीने खाली येतात.